वाटप न झालेल्या नंबरांची यादी

ती पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती तिच्या हातामुळे. आमच्या इमारतीच्या जिन्यात ती सुटकेस ओढत वर चालली होती. सुटकेसचं एक चाक तुटलेलं, त्यामुळे प्रत्येक पायरीवर थांबत होती. मी बाजूला झाले, आणि कठड्यावर टेकलेला तिचा हात दिसला. तळहाताची बाहेरची कड निळी-काळी झालेली. असा डाग एकाच धंद्यात पडतो. फळ्यावर लिहिताना डस्टर हाताशी नसलं की माणूस हातानेच पुसतो. आमच्या वेळी तो डाग खडूचा आणि पांढरा असायचा, एवढाच फरक.

"कुठल्या शाळेत असता?" मी विचारलं.

"शाळेत नाही हो. मोठ्या माणसांना शिकवते." ती दम खात हसली. "पण तीही बाकावर बसली की शाळेतल्यासारखीच वागतात."

ती तिसऱ्या मजल्यावर वडिलांबरोबर राहायला आली होती. वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, चष्म्याची काडी एका बाजूला चिकटपट्टीने बांधलेली. इमारतीतल्या मुलांनी विचारलं, तू काय करतेस, तर म्हणाली, नंबर वाटते. तेव्हापासून ती नंबरताई झाली. मला सगळे बाई म्हणतात, तशी तीही म्हणायला लागली.

तिचं काम मला समजायला वर्ष गेलं, तेही अप्पांमुळे. अप्पा म्हणजे तिचे वडील. जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढलेले लाइनमन, आता गुडघे गेल्यामुळे खुर्चीत. ते म्हणाले, "बाई, टेलिफोनला नंबर असतो की नाही? तसा इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला लागतो. एकच नंबर दोघांना गेला तर कुणाचं पत्र कुणाला. म्हणून आख्ख्या खंडाला मिळून एक कार्यालय आहे. कुणाला कुठले नंबर दिले त्याची वही त्यांच्याकडे. आमची पोरगी त्या वहीवर बसते."

ते कार्यालय आमच्यापासून दोन बसथांबे लांब, विम्याच्या कचेरीच्या वरच्या दोन मजल्यांवर होतं. माणसं तीसेक. नंबरताईचं अर्धं काम आलेले अर्ज तपासायचं. उरलेलं अर्धं तिच्या जिवाभावाचं होतं. खंडात कितीतरी देश असे होते की जिथे ही यंत्रं चालवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. तिथे जाऊन ती पाच-पाच दिवसांचे वर्ग घ्यायची. भाड्याची खोली, लांब टेबलं, मधोमध वायरींचा गुंता आणि समोर वीस-पंचवीस इंजिनिअर. परत आली की त्यांच्याबद्दल सांगायची. एक जण उत्तर आधी काढतो आणि कोपराने झाकून ठेवतो. एकीला सगळं येतं, पण विचारलं की बोटांकडे बघते. मला ती सगळी ओळखीची वाटायची. चाळीस वर्षं मी त्यांनाच शिकवलं होतं, फक्त ती तेव्हा दहा वर्षांची होती.

आता यादीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

त्या काळी कार्यालयाकडे अजून कुणालाच न दिलेले नंबर बरेच शिल्लक होते. ते कुणाचे नाहीत म्हटल्यावर त्या नंबरावरून काही येण्याचं कारणच नव्हतं. पण चोरटे नेमके तेच नंबर लावून यायचे, कारण मालकच नसेल तर तक्रार कुणाकडे करणार? म्हणून नंबरताई चौथ्या दिवशी शिकवायची, की वाटप न झालेल्या नंबरांची यादी आपल्या यंत्रात घालून ठेवा; त्यावरून कुणी आलं तर दार उघडायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही. यादी सात ओळींची होती. टाइप करताना लोक चुका करत, म्हणून हिने प्रेमाने ती तयार करूनच दिली. नुसती उचलायची आणि यंत्रात चिकटवायची.

नंबर दिले जातील तशा त्या ओळी यादीतून काढून टाकायच्या, हे ती पाचव्या दिवशी शेवटच्या तासाला करून घेणार असायची. पण पाचव्या दिवशी कुणाची बस असते, कुणाचं विमान. लोक घड्याळाकडे बघायला लागत. दोन-तीन वर्गांत तिने तो तास आटोपता घेतला, मग सोडूनच दिला आणि त्या वेळात प्रमाणपत्रं वाटायला लागली. "दर महिन्याला यादी बघत जा," असं तोंडाने सांगायची. तोंडाने सांगितलेलं किती टिकतं, हे मला कुणी विचारायला हवं होतं.

अकरा वर्षं गेली. नंबर संपत आले. अगदी शेवटी जे उरले होते, ते यादीतल्या तिसऱ्या ओळीतले. त्यातला एक गठ्ठा नंबरताईनेच अर्ज तपासून एका लहान, डोंगराळ देशातल्या नऊ दवाखान्यांना दिला. त्या नऊ दवाखान्यांत मिळून डोक्याची क्ष-किरण चित्रं वाचणारा एकही डॉक्टर नव्हता. चित्र काढायचं, शेजारच्या देशातल्या मोठ्या शहरात तज्ज्ञाकडे पाठवायचं, आणि तो अर्ध्या तासात सांगायचा की कापायचं की नाही. आतापर्यंत हे एका कंपनीच्या उसन्या नंबरांवर चाललं होतं. ती कंपनी बंद होणार होती. चार महिन्यांनी नंबर परत करायचे होते.

नवे नंबर लावून बघितले, तर चित्र जाईना. कुठे जात होतं, कुठे नाही. काही चुकल्याचा संदेशही येत नव्हता. नुसती शांतता. दवाखान्यांचा एकुलता एक इंजिनिअर होता, त्याला वाटलं आपल्याच यंत्रात बिघाड. त्याने वायरी बदलल्या, यंत्र बदललं, पाच आठवडे घालवले आणि शेवटी हिला फोन केला. त्याने पाठवलेले कागद तिने एकदा वाचले. मग मान खाली घालून बसली. नंतर मला म्हणाली, "बाई, दुसऱ्याच्या वहीत आपली चूक दिसावी तसं झालं. ती माझीच यादी होती. जिथे जिथे मी शिकवलं, तिथे तिथे दार बंद."

त्या रविवारी ती माझ्या दारात आली, ती काखेत कागदांचा गठ्ठा घेऊन. तेवीस शहरांतल्या वर्गांची हजेरीपत्रकं. "तुम्हाला वाईट अक्षर वाचता येतं ना?"

"आयुष्य त्यातच गेलं," मी म्हणाले.

वर अप्पांचा टीव्ही मोठ्याने लागलेला असायचा, म्हणून ती माझ्या पुढच्या खोलीत बसून फोन करायची. कार्यालयातून आली की पाच ते आठ, आणि सुटीच्या दिवशी सकाळपासून. मी सह्या आणि फोन नंबर वाचून द्यायची. सात आहे की एक, हे ठरवायला भिंग आणलं. एकूण सहाशे चौदा नावं.

अप्पा खुर्चीतून टोमणे मारायचे. "सहाशे पोरांची आई झालीस, एकाचा तरी पत्ता नीट ठेवायचास."

"तुम्ही खांब मोजत होतात, ते तरी जागेवर राहायचे, अप्पा."

पहिल्या आठवड्यात तिला आशा होती. ज्यांना आठवत होतं ते लगेच ओळ काढत होते. पण पुष्कळ जण धंदा सोडून गेले होते. एक जण आता घरं विकत होता. एक साहेब झाला होता, तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही अजून तिथेच? ते यंत्र आता कोण बघतं, मलाच माहीत नाही. चालतंय ना, मग चालू दे."

"चालतंय ते तुमच्यासाठी. दवाखान्यासाठी बंद आहे."

"हो, पण आमचा काही दवाखाना नाही मॅडम."

आणि एक मुलगी होती, बोटांकडे बघणारी. आता तिच्या हाताखाली मोठं केंद्र होतं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. तुम्हीच शिकवलंत, फोनवर कुणी सांगितलं म्हणून यंत्राला हात लावायचा नाही. मग ते कुणीही असो."

नंबरताईने फोन ठेवला आणि बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. "बघा बाई," ती म्हणाली, "ही माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी." मग तिला कार्यालयाच्या कागदावर रीतसर पत्र लिहिलं आणि सही-शिक्क्यासाठी साहेबांकडे नेलं.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि नियमांचं पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. दिलेला नंबर सगळीकडे पोचेल याची हमी कार्यालय देत नाही. "हे वाक्य तूच अर्जदारांना वाचून दाखवतेस," तो म्हणाला. "नंबर द्यायचं आपलं काम. कोण दार उघडतो नि कोण नाही, ते आपल्या हातात नाही."

"दार लावायला मी शिकवलं, साहेब."

"तेव्हा तू बरोबरच शिकवलंस."

"तेच तर."

साहेबाने पत्रावर शिक्का दिला, पण एवढ्याच पत्रावर. बाकीचं तिने आपल्या वेळात करावं, असं सांगितलं. बोटांकडे बघणाऱ्या मुलीने पत्र पोचलं त्याच दिवशी ओळ काढली.

दोन महिने झाले तोवर खंडातल्या बहुतेक ठिकाणी नवे नंबर पोचायला लागले होते. नंबरताईचे गाल आत गेले होते. टोस्ट चहात बुडवून विसरायची, तो तळाशी जायचा. उरलं होतं ते मुख्य. चित्रं वाचणाऱ्या तज्ज्ञाचं मोठं हॉस्पिटल ज्या कंपनीच्या लाइनवर होतं, त्या कंपनीच्या मोठ्या यंत्रातली तिसरी ओळ. हॉस्पिटलच्या नियमात दुसऱ्या कुणाची लाइन बसत नव्हती. बाकी सगळी दारं उघडून उपयोग काय, डॉक्टर याच दारामागे.

ते यंत्र लावणारा तिच्या पहिल्याच वर्गातला होता. उत्तर कोपराने झाकणारा. हजेरीपत्रकावर त्याचा नंबर मला भिंगाशिवाय वाचता आला, इतकं त्याचं अक्षर टपोरं. फोन त्याच्या बायकोने उचलला.

नंबरताईने तिला हळू बोलायला सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तो वारला होता. यकृताचं दुखणं होतं. बायको म्हणाली, "तुमचं नाव घ्यायचे ते. तुमचं प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे. त्यांचा काही कागद हवाय का तुम्हाला?"

"त्यांनी कुठे पासवर्ड लिहून ठेवला होता का?"

"नाही हो. कुठेही लिहायचा नाही, असं तुम्ही सांगितलं होतं म्हणे."

त्यानंतर तिने दोन दिवस एकही फोन केला नाही. मी वर गेले तर अप्पा म्हणाले, "झोपलीय." ती झोपलेली नव्हती. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि डोळे उघडे होते. मी पायाशी बसले. चुकीचं शिकवलं असतं तर माफी मागता आली असती. हिने शिकवलेला प्रत्येक धडा पोरांनी इमानाने पाळला होता.

तिसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि हॉस्पिटलच्या त्या शहरात गेली. मुदतीला सोळा दिवस होते.

तिथलं तिने मला नंतर सांगितलं. खालच्या मजल्यावर रजिस्टरात सही करून घेतली, छातीवर पाहुणा असा बिल्ला लावला, आणि एका मॅनेजरने तिला काचेपर्यंत नेलं. काचेपलीकडे थंड खोलीत यंत्र उभं होतं. भिंतीवरच्या फलकावर ते किती दिवस एकदाही बंद न पडता चाललंय तो आकडा होता. तीन हजारांच्या पुढे. मॅनेजर तरुण होता, सभ्य होता, तिला पाण्याची बाटली दिली.

"पासवर्ड कुणालाच माहीत नाही, हे खरं," तो म्हणाला. "तो हवा असेल तर यंत्र बंद करून चालू करावं लागेल. म्हणजे वीस मिनिटं आख्खं शहर बंद. कुणासाठी? आमच्या ग्राहकाची तक्रार आहे का?"

"तुमचं हॉस्पिटल ग्राहकच आहे."

त्याने संगणकात बघितलं. हॉस्पिटलच्या कारकुनाने लिहून दिलं होतं, आमच्याकडे इंटरनेट व्यवस्थित चालू आहे.

ती हॉस्पिटलात गेली. तज्ज्ञ डॉक्टरांना दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात भेटली. त्यांनी उभ्या उभ्या पत्र लिहून दिलं. पत्र घेऊन ती परत कंपनीत गेली. मॅनेजरने ते वाचलं, पोचल्याची सही दिली, आणि म्हणाला की हे यंत्र पुढच्या वर्षी बदलायचंच आहे, तेव्हा हे नक्की लक्षात ठेवू. ती म्हणाली, पुढच्या वर्षापर्यंत माणसं थांबत नाहीत. तो म्हणाला, "ताई, मी समजू शकतो. पण हे यंत्र बंद केलं आणि परत चालू झालंच नाही, तर? ज्याला ते कळत होतं तो आता नाही."

चार दिवस ती रोज सकाळी जाऊन त्या खालच्या खोलीतल्या बाकावर बसली. पाचव्या दिवशी पहारेकऱ्याने बिल्ला दिला नाही. तिने त्याच्यापुढे हात जोडले. हे सांगताना तिने मान फिरवली. "मी कधी कुणासमोर हात जोडले नव्हते, बाई. त्या बिचाऱ्यालाच लाज वाटली. त्याने मला त्याच्या डब्यातलं अर्धं दिलं."

मुदत संपली आणि उसने नंबर गेले. दवाखान्यांचा इंजिनिअर हुशार होता. त्याने चित्रं डबीएवढ्या डिस्कवर घालून सीमेवरच्या गावी न्यायची सोय केली. तिथे दुसऱ्या कंपनीची लाइन होती, तिचे नंबर जुने. बसने जायला साडेसहा तास. पहिल्या आठवड्यात पाच चित्रं अशी गेली. चारांचं उत्तर आलं ते फोनवर सांगितलं. पाचव्याचं काय झालं, ते इंजिनिअरने सांगितलं नाही, आणि नंबरताईने विचारलं नाही. फोन ठेवून तिने माझ्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. तो बराच वेळ वाहत होता.

त्याच महिन्यात तिला एक वर्ग घ्यायचा होता. ती गेली. चौथ्या दिवशी यादीचं पान उघडलं आणि तिला पुढे बोलता येईना. पोरांना वाटलं, मॅडमना चक्कर आली. कुणी खिडकी उघडली, कुणी पंखा लावला. उरलेला वर्ग दुसऱ्याने घेतला.

नंतर एका संध्याकाळी ती अप्पांसमोर एक छापील कागद ठेवून बसली होती. मी साखर मागायला गेले होते. त्या मोठ्या यंत्राच्या कंपनीने तंत्रज्ञ हवा म्हणून जाहिरात दिली होती. सगळ्यात खालची जागा. वायरी ओढायच्या, फलकावरचे आकडे लिहायचे.

अप्पांनी कागद दोनदा वाचला. "वीस वर्षं घालवून जिथे पोचलीस तिथून इतकी खाली? हत्तीवरून उतरून गाढवावर बसतेस."

"गाढव आत जातं, अप्पा. हत्ती दारात अडकतो."

"आणि माझं काय?"

अप्पांनीच कागद घडी करून तिच्या हातात दिला. "बाई आहेत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नाही का हो?"

मी हो म्हणाले.

मुलाखतीत तिला विचारलं, इतकं शिकून या जागेवर का यायचंय. तिने खरं सांगितलं. तिला वाटलं, आता हाकलतील. पण माणसं मिळत नव्हती, आणि तिने शिकवलेला एक जण मुलाखत घेणाऱ्यांत होता.

आता ती त्या शहरात एका खोलीत राहते. सकाळी सातला कामावर हजर होते आणि दर रविवारी अप्पांना फोन करते. डिस्क अजूनही बसने जाते. त्या कंपनीत नव्या माणसाला पहिले सहा महिने मोठ्या यंत्राच्या खोलीत जाऊ देत नाहीत. परवा तिचे चार पूर्ण झाले.